‘देवाची इच्छा’ कोणी म्हणावी?

माननीय संपादक,

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात प्रारब्ध आणि प्रयत्न यांवर जो वाद चालू आहे, त्यात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: आयुष्यातले सगळे देवाच्या हाती आहे असे मानणारा माणूस स्वतः हातपाय हलवत नाही. माझ्या घरातला अनुभव तसा नाही, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांपूर्वी मृगाच्या पहिल्याच मोठ्या पावसात माझे यजमान स्कूटरवरून घरी येताना रस्त्याकडेच्या चरात पडले आणि अकराव्या दिवशी गेले. चर पाण्याने काठोकाठ भरून रस्त्याशी एकसारखा झाला होता. भोवती ना फळी होती, ना दिवा. समाचाराला आलेल्यांपैकी बहुतेकांनी ‘देवाची इच्छा’ म्हटले आणि ते मायेने म्हटले. मात्र ज्याने तो चर खणून ठेवला होता, त्याच्या माणसानेही आमच्या सोप्यावर बसून, चहाचा कप हातात घेऊन तेच शब्द उच्चारले, तेव्हा मला उठून आत जावे लागले.

सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे आहे. सुतक फिटल्यावर त्यांनी देवघरातली समई चिंच लावून स्वतः घासली, वात लावली आणि म्हणाल्या, ‘‘ताणें दिल्लो, ताणें व्हेलो.’’ (त्यानेच दिला होता, त्यानेच नेला.) पोटच्या मुलाबद्दल हे बोलताना त्यांचा आवाज कापला नाही. वातीवरची काजळी झाडता झाडता त्यांनी मला विचारले, ‘‘तो फोंड बुजयलो काय ना?’’ तो चर बुजवलेला नाही हे कळताच त्यांनी माझ्याकडून पंचायतीला अर्ज लिहून घेतला आणि खाली मोडी वळणाची आपली सही केली.

या दोन वाक्यांत त्यांना विसंगती वाटली नाही, आणि विचार केल्यावर मलाही वाटत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची ५ कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, साधने आणि नाना प्रकारच्या क्रिया ही पहिली चार आल्यानंतर दैव पाचवे येते. आपल्या गोव्याचाच दाखला द्यायचा तर १५६० साली पोर्तुगीजांपासून वाचवण्यासाठी मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून जुवारीपार प्रियोळला नेणाऱ्या महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्यांची, देवावर श्रद्धा कमी होती असे कोण म्हणेल? देव स्वतःचे पाहून घेईल असे म्हणून ते घरी बसले नाहीत; ज्याच्या हाती आपले सगळे आहे असे ते मानत होते, त्यालाच उचलून त्यांनी नदी ओलांडली.

उलट, ज्याला आपण श्रद्धा म्हणतो तिचे काही प्रकार मला संशयास्पद वाटतात. देवाला पाकळ्या लावून कौल घेण्याची आपली रीत मला प्रिय आहे. ओली पाकळी मूर्तीवरून सुटेपर्यंत गाभाऱ्यासमोर जी शांतता पसरते, तिच्यात माणूस खरोखर आपला हट्ट बाजूला ठेवतो. पण डावा प्रसाद, म्हणजे देवाचा नकार, झाला म्हणून भटजींना पुन्हा पाकळ्या लावायला सांगणारे, आणि उजवा मिळेपर्यंत हलायला तयार नसलेले यजमानही मी पाहिले आहेत. त्यांना देवाचा निर्णय नको असतो, त्याची सही हवी असते.

तेव्हा वाद घालणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की ‘देवाची इच्छा’ हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत ते आधी पाहावे. ज्याचे गेले त्याने ते म्हणावेत, तो त्याचा आणि देवाचा प्रश्न आहे. ज्याच्या हयगयीने गेले त्याला ते म्हणण्याचा अधिकार नाही.

आमच्या त्या रस्त्यावर यंदा पुन्हा खोदाई सुरू झाली आहे आणि फळ्या अजून लागलेल्या नाहीत. सासूबाईंनी काल संध्याकाळी दिवा लावल्यावर माझ्याकडे कागद मागितला.

आपली,
एक वाचक, फोंडा