विश्रांतीचे तास म्हणजे झोपेचे तास नव्हेत

महोदय,

रात्रभर लांब पल्ल्याचे विमान चालवून आलेल्या वैमानिकाला पुढच्या उड्डाणापूर्वी बारा-चौदा तासांची विश्रांती मिळते, हे कागदावर पुरेसे वाटते. पण सकाळी ९ वाजता हॉटेलात पडदे ओढून आडवा झालेला माणूस कितीही दमलेला असला, तरी दुपारी १-२ च्या सुमारास त्याचे जैविक घड्याळ त्याला उठवते. रात्री ९ ला पुन्हा ड्युटी आणि सकाळी ६ ला लँडिंग असेल, तर धावपट्टी समोर दिसते तेव्हा तो सोळा तासांहून अधिक काळ जागा असतो. सतरा तासांच्या जागरणाने हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतका बिघडतो, हे प्रयोगांत दिसले आहे. त्यातच पहाटे २ ते ६ या वेळेत शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि डोळे हमखास मिटू लागतात.

कॉकपिटमधल्या डुलकीबद्दल लोकांत उगाच भीती आहे. नियमाने घेतलेली डुलकी सुरक्षित असते. कोण कधी झोपणार हे दोघा वैमानिकांनी आधी ठरवायचे, केबिन प्रमुखाला वेळ सांगून ठेवायची, खुर्ची मागे सरकवून खांद्याचे पट्टे आवळायचे, म्हणजे झोपेत अंग कंट्रोल्सवर कलंडत नाही. जास्तीत जास्त ४० मिनिटे. त्यापुढे झोप गाढ होते आणि उठल्यावर डोके जड राहते. म्हणूनच जागे झाल्यावर २० मिनिटे विमान हाती घ्यायचे नाही आणि हे सगळे विमान खाली उतरू लागण्याआधी संपवायचे. मात्र अशा डुलकीच्या भरवशावर रोस्टर, म्हणजे ड्युटीचे वेळापत्रक, आखणे सर्वस्वी गैर आहे.

केबिनमधली हवा कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या आतच. वारंवार कॉकपिटबाहेर जावे लागू नये म्हणून अनेक जण पाणीच कमी पितात. मग डोळे चुरचुरतात, डोके दुखते आणि मूतखड्याचा धोका वाढतो. पहाटे ३ चे जेवण पचत नाही, वजन मात्र वाढते. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात घातले आहे.

संध्याकाळी दीड तासाची झोप काढणे, हॉटेलात झोपण्याआधीचे पाच-सहा तास कॉफी टाळणे, उतरल्यावर सकाळच्या उन्हात गडद चष्मा लावणे, हे वैमानिकाने करावे. उजेड डोळ्यांत गेला की मेंदू दिवस उजाडला असेच धरतो. परंतु लागोपाठच्या रात्री त्याच्या हातात नसतात. रोस्टर आखणाऱ्यांनी विश्रांती वैमानिकाच्या शरीराच्या घड्याळाप्रमाणे मोजावी, सलग रात्रींना मर्यादा घालावी आणि ‘मी आज उडण्याच्या स्थितीत नाही’ असे लेखी कळवणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस धाडू नये.

– एक निवृत्त वैमानिक