देवगडच्या तांडेलकाकांना, शिशाच्या माशाबद्दल

काका, साष्टांग नमस्कार.

१ जूनला मासेमारीची बंदी लागली. होडी वर ओढून झावळांनी शाकारून झाली असेल. तुम्ही फोन हातात धरत नाही, म्हणून हे पत्र तुमची नात वाचून दाखवील. आणि गरवायची, म्हणजे गळाने मासे धरायची, आवड असलेल्या बाकीच्यांनीही ते वाचावं म्हणून असं उघड्यावर लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा मला खडकावरून गरवायची तीन वर्षांची सवय होती. खाडीच्या मुखाशी जिताडा, म्हणजे आपला चोणक, एवढंच माझं जग. तिथे मासा दिसतो, निदान त्याची उसळी तरी दिसते. १२ वाव, म्हणजे सुमारे २२ मीटर, पाण्यात काहीच दिसत नाही. पहिल्या चार फेऱ्यांत माझे सात जिग, म्हणजे गळ लावलेले शिशाचे मासे, तळाच्या खडपात, खडकाळ भागात, अडकून तुटले आणि खडपात राहणारा गोबरा मासा एकही लागला नाही. त्या दिवसांत रात्री झोपताना मनात यायचं, हे आपल्याला जमायचं नाही.

तुम्ही ते ओळखलंत. पाचव्या फेरीला माझा रॉड बाजूला ठेवायला लावलात आणि तुमची नायलॉनची दोरी हातात दिलीत. गरी म्हणजे गळ नाही, नुसतं शिसं. "बोटान बघ, झिला." अख्खी सकाळ मी तेवढंच करत होतो. शिसं खाली सोडायचं, दोरी ढिली पडली की थांबायचं, वीतभर उचलायचं, पुन्हा टेकवायचं. वाळूवर ते मऊ बसतं, उचलताना जरा धरून ठेवल्यासारखं वाटतं. खडपावर टक्क लागतं आणि तो ठोका थेट पेरापर्यंत येतो. दहाच्या सुमारास मी न विचारता म्हणालो, "आता वाळू संपली." तुम्ही काही बोलला नाहीत, इंजिन बंद केलंत. काका, त्या क्षणासाठी तुमचे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

मग माझा जिग हातात घेतलात. खालचा तीन काट्यांचा गळ काढून टाकलात, कारण खडपात आधी तोच रुततो. वरच्या कडीला एकच गळ जाड दोऱ्याने बांधलात. ४० ग्रॅमचा जिग पाण्याच्या ओढीने तिरका जातो आणि तळ कळत नाही, म्हणून ८० ग्रॅमचा लावायला सांगितलात. उधाणाच्या पाण्यात तोही पुरत नाही, तेव्हा अष्टमीच्या आसपास भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते तेव्हा, यायचं, हेही तुमचंच. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मी जोरजोरात उपसत होतो, तेव्हा तुम्ही म्हणालात, "वर जाता तेवा मासो बघता. खाली पडता तेवा खाता." तेव्हापासून माझं सगळं लक्ष पडणाऱ्या जिगकडे असतं. दोरी जायची तिथे मध्येच थांबली, तळ यायच्या आधीच ढिली झाली, की हात मारायचा, म्हणजे झटक्यात वर ओढायचं. पहिला गोबरा असाच लागला. खडपाच्या बिळात शिरायच्या आत त्याला दोन वाव वर घ्यायचा, हे तुम्ही ओरडून सांगितलंत म्हणून तो हाती आला.

पण मला जास्त शिकवलं ते त्यानंतरच्या अर्ध्या तासाने. लागोपाठ दोन लहान आले. पहिला मी सोडला, दुसराही सोडून देऊ म्हणालो. तुम्ही पाण्यावर बोट दाखवलंत. पहिला पोट वर करून तरंगत होता. एवढ्या खोलातून वर येताना पाण्याचा दाब कमी होतो, त्याच्या पोटातला हवेचा फुगा फुगतो आणि सोडला तरी त्याला खाली जाता येत नाही. तुम्ही शब्दही न बोलता त्याला उचलून टोपलीत टाकलंत आणि जागा सोडलीत. मासा लागत असताना! लहान यायला लागले की निघायचं, हे मी आता कुणाच्याही होडीत असलो तरी पाळतो. तुमच्या खडपाच्या खुणा मात्र इथे लिहीत नाही. त्या तुमच्या आहेत.

तुम्ही बांधलेला तो गळ अजून त्याच जिगवर आहे. दोरा उसवत आलाय, गाठ तशीच आहे. दर्या निवळला असेल तर गोकुळाष्टमीच्या भांगेला येतो. दोरा मी आणीन, बांधायचं तुम्ही.

तुमचा,
झिलो