तारे सिनेमाला की टीव्हीला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी घरी पाहिलेल्या सिनेमांवरचे अभिप्राय आणि पाचपैकी तारे छापायला आपण सुरुवात केली, हे बरे झाले. पण बरेचसे अभिप्राय एकाच साच्यातले असतात : ‘मस्त मूव्ही, वन टाइम वॉच, साडेतीन तारे.’ शनिवारी रात्री काय लावायचे, हे यावरून ठरत नाही. शिवाय तारा कापायची जी कारणे लोक देतात (‘संवाद ऐकूच येत नाहीत’, ‘सीरियलसारखा वाटतो’, ‘नुसता अंधार’) त्यातली पुष्कळशी सिनेमाची नसतातच. ती दिवाणखान्यातल्या टीव्हीची असतात.

संवादांचे आधी घेऊ, कारण तक्रार तीच जास्त. संवाद पुटपुटल्यासारखे, गाणी मात्र कान फाडणारी. सिनेमाच्या फाइव्ह पॉइंट वन (५.१) आवाजात पुढे तीन, प्रेक्षकाच्या बाजूंना दोन आणि खर्जाच्या घुमाऱ्याचा (सबवूफरचा) एक असे सहा मार्ग असतात. संवाद बहुतेक वेळा पुढच्या मधल्या स्पीकरला दिलेले असतात. घरच्या टीव्हीला दोनच बारके स्पीकर, तेही बहुधा खाली नाहीतर भिंतीकडे तोंड केलेले. सहा मार्ग या दोनांत कोंबले की बोलणे आणि पार्श्वसंगीत एकाच ठिकाणाहून येते आणि बोलणे दबते. उपाय फुकटचा आहे. सिनेमा चालू असताना ॲपमधला ‘ऑडिओ आणि सबटायटल’चा मेनू उघडावा. एकाच भाषेच्या दोन नोंदी दिसल्या आणि एकीपुढे ५.१ लिहिलेले असले, तर दुसरी साधी नोंद निवडावी. तशी नसेल तर टीव्हीच्या साउंड मेनूत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’सारखे काही असते, ते चालू करावे. ब्लूटूथने जोडलेल्या साउंडबारचे दुखणे वेगळे : ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. याला ‘डबिंग भिकार’ म्हणून एक तारा उडवणारेही आहेत! तोच बार टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय खाचेत केबलने जोडला की हा फरक बहुधा जातो. थोडा उरलाच तर ‘एव्ही सिंक’मधून जुळवता येतो.

‘सीरियलसारखा वाटतो’ ही तक्रार मात्र अगदी खरी असते, फक्त पत्ता चुकलेला. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्हीचा पडदा त्याहून वेगाने बदलतो, म्हणून मधली चित्रे टीव्ही स्वतःच्या अंदाजाने तयार करून घालतो. हालचाल गुळगुळीत होते आणि लाखांचा सेट शेजारच्या गल्लीत मोबाइलवर शूट केल्यासारखा दिसतो. सॅमसंगमध्ये याला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. बंद करावे, ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होते. क्रिकेटला हवे तर ठेवा. एक गोम लक्षात असू द्या : बऱ्याच टीव्हींत हे सेटिंग प्रत्येक इनपुटला वेगळे असते. ॲपसाठी बंद केले तरी सेट टॉप बॉक्सच्या एचडीएमआयवर ते चालूच राहते, आणि मग ‘सेटिंग केले, काही फरक नाही’ असे लोक सांगतात.

अंधाराचे थोडक्यात. वीजबचतीचा ‘इको’ मोड आणि खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर हे दोघे मिळून रात्रीचे प्रसंग काळे करतात. दोन्ही बंद करा आणि समोरची ट्यूब विझवून मागच्या बाजूला एक मंद दिवा ठेवा.

आता काळ्या पट्ट्या. वरखाली पट्ट्या दिसल्या की ‘पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत’ म्हणून रिमोटवरून चित्र झूम करायची खोड आपल्याकडे घरोघरी आहे. रुंद पडद्याचा सिनेमा असा झूम करून टीव्ही भरला, की डाव्या-उजव्या बाजूचे मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा बाहेर जातो. दोघे बोलत असतील तर एकाचा कान आणि दुसऱ्याचे नाक तेवढे उरते. जुन्या मराठी सिनेमांचे उलटे होते. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची चौकट चौकोनाकडे झुकणारी, म्हणून पट्ट्या डावी-उजवीकडे येतात. ते चित्र ताणून बसवले की विष्णुपंत पागनीसांचा चेहरा एक तृतीयांशाने रुंद होतो. त्यांच्या अभिनयाला तारे द्यायच्या आधी रिमोटवर ‘ओरिजिनल’ किंवा ‘फोर बाय थ्री’ हे बटण शोधावे.

भाषेची नोंद तर अभिप्रायात हवीच हवी. हल्ली मल्याळम सिनेमे आपल्याकडे आवडीने पाहिले जातात, पण अनेक घरांत ते हिंदीत. ॲपमधल्या प्रोफाइलची भाषा हिंदी असली की सिनेमा हिंदीतच उघडतो आणि बदलता येतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही. डबिंगमध्ये नटाचे ओठ त्याचे, आवाज भलत्याचा. त्यावरून ‘नायकाचा अभिनय अडीच तारे’ असे लिहिणे म्हणजे भलत्याच्याच कामाचे गुण नायकाच्या नावावर मांडणे.

कोणती प्रत पाहिली, हेही महत्त्वाचे. ‘ए’ प्रमाणपत्राचा सिनेमा वाहिनीवर दाखवायचा तर काटछाट करून त्यासाठी नवे प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यामुळे वाहिनीवर पाहणारा आणि ॲपवर पाहणारा यांनी दोन वेगळे सिनेमे पाहिलेले असू शकतात. पण मिनिटे कमी दिसली म्हणजे कात्री लागलीच असेही नाही. आपल्याकडची टीव्हीची जुनी पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. २४ ची फिल्म त्या गतीने चालवली की १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. जुन्या डीव्हीडीवर हे हमखास दिसते. सहा मिनिटे कुणी खाल्लेली नसतात.

‘कुटुंबासोबत बघण्यासारखा’ हा शेरा बंद करावा, ही विनंती. कुटुंब कोणते? २०२१ च्या नियमांनुसार ॲपवाले वयाचा शिक्का स्वतःच लावतात. सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रातही २०२४ पासून यूए ७+, १३+ आणि १६+ असे तीन प्रकार आले आहेत. तो आकडा छापावा आणि पुढे नेमके लिहावे : शिव्या आहेत की मारामारी, आणि साधारण कितव्या मिनिटाला. घरात आठ वर्षांचे पोर असेल तर चार ताऱ्यांपेक्षा ‘पंचेचाळिसाव्या मिनिटाला गळा चिरतात’ हे वाक्य जास्त उपयोगी.

आता सरासरीकडे येतो, कारण तिथे चूक वाचकांची नाही, आपल्या पुरवणीची आहे. तीन जणांनी पाच-पाच तारे दिले की आपण ‘५.०’ छापून तो सिनेमा पहिल्या क्रमांकावर ठेवता. चाळीस जणांनी मिळून ४.१ दिलेला सिनेमा त्याच्या खाली जातो. तिघे एकाच घरातले नसतील कशावरून? यावर जुना तोडगा आहे आणि आयएमडीबी या सिनेमांच्या संकेतस्थळाची पहिल्या अडीचशेंची यादीही त्याच तत्त्वावर लागते. प्रत्येक सिनेमाला मध्यम गुणांची काही मते आधीच धरून चालायचे. समजा, दहा मते तीन ताऱ्यांची धरली. पहिल्या सिनेमाचे पंधरा अधिक तीस, भागिले तेरा, म्हणजे ३.५ च्या आसपास. दुसऱ्याचे एकशे चौसष्ट अधिक तीस, भागिले पन्नास, म्हणजे ३.९. क्रम आपोआप सरळ होतो. पाचपेक्षा कमी मते आली तर सरासरी छापूच नये, नुसता अभिप्राय छापावा. आणि सरासरीशेजारी मतांची फोड द्यावी. पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक तारा दिला तरी सरासरी तीन, आणि दहाही जणांनी तीन दिले तरी तीनच. पहिल्या सिनेमावरून घरात भांडण होईल, दुसऱ्याला सगळे झोपतील.

वाचक पत्रांत टक्केही लिहून पाठवतात, त्यांची गल्लत होते. रॉटन टोमॅटोज या समीक्षणे गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरचे टक्के हे गुण नव्हेत. किती समीक्षकांना सिनेमा बरा वाटला, त्याचे ते प्रमाण. सगळ्यांनी ‘ठीक आहे, पाचपैकी तीन’ म्हटले तरी तिथे १०० टक्के दिसू शकतात. आणि नेटफ्लिक्सने २०१७ साली तारे काढून अंगठा आणला, तेव्हा सोबत दिसणारा टक्क्यांचा आकडा तर तुमच्या आवडीशी सिनेमा किती जुळेल याचा अंदाज होता. तुमच्या ॲपवर ९८ तर शेजाऱ्याच्या ॲपवर ६१. तो पेपरात छापून काय उपयोग?

ताऱ्यांचा अर्थ चौकटीखाली एकदा शब्दांत लिहून टाकावा. माझी सूचना अशी : पाच म्हणजे पुन्हा पाहीन. चार म्हणजे दुसऱ्याला फोन करून सांगेन. तीन म्हणजे वेळ फुकट गेला नाही. दोन म्हणजे मोबाइल बघत बघत संपवला. एक म्हणजे संपवला याचा राग येतो. अर्ध्यावर सोडलेल्याला तारा देऊ नये. ‘चाळिसाव्या मिनिटाला सोडला’ एवढेच लिहावे, त्यात सगळे आले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून सांगलीकर पडलेल्या नाटकाला ‘पडले’ म्हणत आला आहे. घरात फुकट दिसते म्हणून साडेतीनच्या खाली उतरायचेच नाही, ही भीड कशाला?

एका बाबतीत मात्र आपल्या वाचकांइतका जाणकार समीक्षक मुंबईत मिळणार नाही, आणि नेमके तेच कुणी लिहीत नाही. गावाकडच्या मराठी सिनेमात ‘लई’ आणि ‘भावा’ पेरले की झाली ग्रामीण बोली, असा समज आहे. एकट्या सांगली जिल्ह्यात आटपाडीकडची माणदेशी निराळी, जतकडे कानडीचा हेल, वाळवा-पलूसच्या नदीकाठची आणखी वेगळी. एकाच घरातला बाप एका तालुक्याचे आणि लेक दुसऱ्या तालुक्याचे बोलत असेल तर ते इथल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कळते. तसेच शेताचे. भर पावसाळ्याचा प्रसंग आणि मागे उसाला तुरा, किंवा दिवाळीच्या आधीच हळदीची काढणी, हे लिहून कळवावे. ‘वास्तवदर्शी’ या शब्दापेक्षा ते मोलाचे.

नमुन्यादाखल एक नोंद कशी असावी ते देतो. सिनेमाचे नाव रिकामे ठेवले आहे.

‘………. मराठी, मूळ आवाज. ॲपवर, ४३ इंची टीव्ही, टीव्हीचाच आवाज. यूए १३+. एका बैठकीत. तीन तारे. पहिला तास घट्ट. भाऊबंदकी कोर्टात गेल्यावर सैल पडतो, कारण वकील सगळे बोलून दाखवतो. आईचे काम करणारीने न बोलता जे केले त्यासाठी बघा. विसाव्या मिनिटापासून शिव्या. बोली निम्मी शिराळ्याची, निम्मी पुण्याची.’

पंचेचाळीस-पन्नास शब्दांत बसते. ‘एका बैठकीत’ हे मुद्दाम घातले आहे : तीन रात्री जेवताना तुकड्यातुकड्याने किंवा दीडपट वेगाने पाहिला असेल तर ‘संथ’ आणि ‘घाईचा’ हे दोन्ही शेरे बाद धरावेत. शेवट फोडणारे पत्र आले तर त्यातला तारा मोजावा, मजकूर छापू नये. आणि ही चौकट रविवारऐवजी शुक्रवारी द्यावी. रविवारी हाती पडते तोवर शनिवारची रात्र गेलेली असते.

कळावे,
आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली