तोफा चालू असताना मतपेटी ठेवायची कुठं?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात परवा एका वाचकानं लिहिलेलं की युक्रेनच्या झेलेन्स्कीची मुदत मे 2024 लाच संपलीय तरी गडी खुर्ची सोडत नाही, मग असल्या माणसाबरोबर तहाची बोलणी करायचीच कशाला. आमच्या कोल्हापुरात मिरजकर तिकटीला चहाच्या गाड्यावर पण हेच ऐकायला मिळतं, आणि ट्रम्प साहेबांनी फेब्रुवारी 2025 मध्ये त्याला निवडणूक न घेणारा हुकूमशहा म्हटल्यापासून तर जो तो तेच बोलतोय. मुदत संपली हे खरंच आहे, त्यात वादच नाही, 2019 ला 73 टक्के मतं घेऊन आलेला, पाच वर्षं झाली. पण तिथं फेब्रुवारी 2022 पासून मार्शल लॉ, म्हणजे युद्धकाळातली आणीबाणी आहे आणि मार्शल लॉ असताना निवडणूक घ्यायची नाही हा कायदा 2015 चा आहे, म्हणजे झेलेन्स्की राजकारणात यायच्या आधीचा, त्यानं स्वतःच्या सोयीनं केलेला नाही. नवा अध्यक्ष शपथ घेईपर्यंत जुन्यानंच कारभार बघायचा हे त्यांच्या घटनेत आहे. आणि ज्याला हरवून हा आला ते माजी अध्यक्ष पोरोशेन्को, पक्के विरोधक, ते पण म्हणतात की लढाई चालू असताना निवडणूक नको.

आता कोणी म्हणेल अमेरिकेनं 1864 ला यादवी चालू असताना घेतली की. घेतली, आणि लिंकनला स्वतःलाच वाटत होतं आपण पडणार. ऑगस्टमध्ये त्यानं तसं कागदावर लिहिलं, घडी घातली आणि मंत्र्यांना न वाचताच मागच्या बाजूला सह्या करायला लावल्या. पुढं बंडखोरांचं अटलांटा शहर लिंकनच्या फौजेनं घेतलं आणि वारं फिरलं. पण मतदान झालं ते उत्तरेत, जिथं बूथवर तोफगोळा येत नव्हता, बंडखोर राज्यांची मतं त्यात धरलीच नाहीत. युक्रेनमध्ये रशियाच्या सीमेजवळच्या खार्किव्हला शाळेत बूथ लावायचा आणि बाहेर लोकांची रांग उभी करायची म्हणजे ड्रोनला पत्ता दिल्यासारखंच झालं. आपल्याकडं सुद्धा कारगिलच्या वेळी वाजपेयींचं सरकार एप्रिल 1999 मध्ये एका मतानं पडलेलं, काळजीवाहू सरकारनंच ती लढाई निभावली आणि मतदान झालं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सगळं थांबल्यावर.

पण म्हणून लढाई आहे तोवर निवडणुकीचं नावच काढायचं नाही, असंही मी म्हणत नाही, कारण आम्ही कोल्हापूरकर आहोत. आमच्या महापालिकेची मुदत नोव्हेंबर 2020 ला संपली आणि मतदान झालं जानेवारी 2026 मध्ये. मधली पाच वर्षं प्रशासक. कुठली लढाई होती हो इथं? आधी कोरोना, मग प्रभागरचना, मग ओबीसी आरक्षणाची केस, शेवटी सुप्रीम कोर्टानं मे 2025 मध्ये कान धरला तेव्हा कुठं हललं. गटार तुंबली तर कोणाकडं जायचं हेच कळत नव्हतं, माजी नगरसेवक म्हणायचा मी आता कोणी नाही, आणि महापालिकेत गेलं तर साहेब मीटिंगला गेलेत. पुढं ढकलायला कारण शोधावं लागत नाही, ते मिळतंच.

म्हणून मी बघतो ते एवढंच की पुढं ढकलतंय कोण आणि एका वेळी किती दिवस. युक्रेनमध्ये मार्शल लॉ दर 90 दिवसांनी संसदेत मतदान घेऊन वाढवतात. ब्रिटननं 1935 ला निवडून आलेली संसद 1945 पर्यंत चालवली, पण दर वर्षी नवीन कायदा करून. आपल्या घटनेत पण आणीबाणीत लोकसभेची मुदत एका वेळी एकच वर्ष वाढवता येते. अर्थात 1976 मध्ये दोनदा वाढवली तेव्हा विरोधक तुरुंगात होते, म्हणजे सभागृहात हात वर झाले एवढ्यावर पण भागत नाही.

आता तहाचं बघा. जून 2025 मध्ये इस्तंबूलला रशियानं जो मसुदा दिला त्यात मार्शल लॉ उठल्यावर 100 दिवसांत निवडणूक घ्या, असं कलमच होतं. निवडणूक हवीच, पण ती मागतोय कोण? खासबागेत कुस्ती लागल्यावर समोरचा पैलवान म्हणाला की आधी तुझा वस्ताद बदल मग मी सोडतो, तर कोण ऐकून घेईल? दुसरीकडं युक्रेनची घटना सांगते की देशाची हद्द बदलायची तर सगळ्या देशाचं सार्वमत लागतं, आणि मार्शल लॉ असताना घटना बदलता येत नाही. म्हणजे जमीन सोडायची सही झेलेन्स्की एकटा करूच शकत नाही, सार्वमताला युद्धबंदी लागते, आणि युद्धबंदीसाठी रशिया आधी जमीन मागतो. बसा फिरत.

सार्वमताचा पण भरवसा नाही. कोलंबियात ऑक्टोबर 2016 मध्ये बंडखोरांबरोबरचा शांतता करार लोकांपुढं ठेवला, तो अर्ध्या टक्क्यानंही नाही इतक्या फरकानं पडला, आणि गंमत म्हणजे बोहायासारख्या ज्या गावानं सगळ्यात जास्त सोसलं तिथं भरभरून होकार होता. शेवटी करार दुरुस्त करून संसदेतनं पास करून घ्यावा लागला.

मला सगळ्यात पटतं ते 1945 चं. जर्मनी शरण आल्यावर ब्रिटननं 5 जुलैला मतदान घेतलं, जपानशी लढाई चालूच होती. परदेशातल्या सैनिकांची मतं यायची म्हणून मोजणी तीन आठवडे थांबवली. मधल्या काळात पंतप्रधान चर्चिल जर्मनीतल्या पॉट्सडॅमला ट्रुमन आणि स्टॅलिनबरोबर जर्मनीचं काय करायचं ते ठरवत बसलेला. 25 जुलैला तो निकालासाठी लंडनला गेला तो परत आलाच नाही, खुर्चीत येऊन बसले निवडणूक जिंकलेले विरोधी मजूर पक्षाचे नेते अ‍ॅटली. तरी बोलणी मोडली नाहीत, कारण चर्चिलनं अ‍ॅटलींना पहिल्यापासून बरोबर नेलेलं, सगळं कानावर होतं. झेलेन्स्कीनं हेच करावं, विरोधकांना बोलणीच्या टेबलावर बसवावं, म्हणजे उद्या कोणीही निवडून आलं तरी झालेला करार फिरवायला कारण उरणार नाही. आणि युद्धबंदीच्या कागदावरच निवडणुकीची तारीख घालावी, स्वतःहून, समोरच्यानं मागितली म्हणून नव्हे. डिसेंबर 2025 मध्ये तो म्हणालाच होता की सुरक्षेची हमी द्या, 60 ते 90 दिवसांत घेतो.

मला ते दिवस कमीच वाटतात. आपल्याकडं सैनिकाला मतपत्रिका ऑनलाइन जाते पण परत पोस्टानंच येते आणि मोजणीच्या दिवशी सकाळी 8 च्या आत पोचावी लागते, सैनिक टाकळीतल्या घरांना हे सांगायला नको. तिथं लाखो लोक पोलंड-जर्मनीत पांगलेत, कितीतरी जण देशातल्या देशात दुसऱ्या गावात राहतात, आणि मतदान करायचं तर परदेशात वकिलातीतच जावं लागतं. मतदार याद्या नीट करायचं आणि परदेशात बूथ वाढवायचं काम मात्र लढाई थांबायची वाट न बघता करता येतं, त्याला पुतिनची सही लागत नाही.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर