शनिवारी एनिमी टेरिटरी, आधीच डाउनलोड करून ठेवा

मंडळी, शनिवारी रात्री 10 ला वुल्फेन्स्टाइन: एनिमी टेरिटरी खेळायचंय, विसरू नका. नवीन लोकांसाठी सांगतो, दुसऱ्या महायुद्धावरचा हा मल्टिप्लेअर गेम 2003 ला चक्क फुकट रिलीज झाला कारण सिंगल प्लेअरचा भाग रद्द करावा लागला होता, आणि 2022 पासून स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवरही फुकटच आहे त्यामुळे पैशाचं कारण चालणार नाही.

सुरुवात गोल्ड रश मॅपने. क्लास, म्हणजे खेळाडूच्या भूमिका, पाच आहेत पण सगळेच सोल्जर होऊन बसतात राव, मग टँक कोण दुरुस्त करणार? दोघांनी तरी इंजिनिअर घ्या. आणि मेडिकवाल्यांनो, स्वतःचे किल मोजत बसू नका, पडलेल्यांना उठवा आधी.

डाउनलोड शुक्रवारीच उरका, गेल्या वेळी अर्धा तास त्यातच गेला.