पहिली पसंती जपून टाका

दहावीचा भूमितीचा पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. नीटनेटकेपणाच्या नादात मुले रचनेतले कंस खोडरबराने पुसून टाकतात, सिद्धतेत विधानापुढचे कारण लिहायचे विसरतात. गुण तिथेच जातात.

निकालानंतरची चूक मात्र जास्त महागात पडते. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. तेव्हा घणसोलीच्या मुलाने नुसत्या नावावर दादरचे कॉलेज पहिले टाकण्याआधी ठाण्याला गाडी बदलून सकाळच्या गर्दीत एकदा जाऊन बघावे. विज्ञान शाखेत गणित सोडले, तर अभियांत्रिकीला लागणाऱ्या सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गट हातचा जातो. ‘जीवशास्त्र सोपे’ एवढ्यावर तर गणित मुळीच सोडू नये.

– एक वाचक, कोपरखैरणे