तुझा शर्ट माझ्याकडेच आहे

नागपूर
रविवार, दुपारचे अडीच, बाहेर 44

अबे गुड्ड्या,

आधी मनसोक्त शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. दिवाळीपासून एक फोन नाही, तुझे तीन मिस्ड कॉल तसेच पडलेत, वहिनीच्या मेसेजला नुसता अंगठा दाखवला. तब्येत बरी आहे, बीपीची अर्धी गोळी लागली, डावा गुडघा जिना उतरताना बोलतो, बाकी ठणठणीत.

आता हिंमत आहे तोवर सांगून टाकतो. तुझा शर्ट माझ्याकडेच आहे. निळ्या चौकडीचा, फुल बाह्यांचा. हो बे, रामटेकवालाच.

मी तेलंगखेडीच्या मारुतीसमोर शपथ घेतली होती ना, की परत दिला म्हणून? खोटी नव्हती घेतली. मला खरंच वाटायचं की मी तो बंटीच्या हातून पाठवला आणि बंटीनेच ढापला. त्यापायी तू त्याच्याशी दोन वर्षं बोलला नाहीस आणि मी बाजूला उभा राहून मान डोलवत होतो. बंटीला आता काय सांगायचं ते तू ठरव, मी नाही सांगणार.

झालं असं की यंदा कूलर काढायला उशीर झाला (त्यावरून घरात जे महाभारत झालं ते भेटल्यावर), मागच्या रविवारी माळ्यावर चढलो, तर मागे बाबांची लोखंडी पेटी, तिच्यात जुन्या कूलरचा पंप, आणि पंप ज्यात गुंडाळलाय ते फडकं म्हणजे तुझा शर्ट. आधी ओळखलाच नाही. वैशाली खालून म्हणाली बरं झालं, फरशी पुसायला होईल, आणि मी ते खाली टाकणार तेवढ्यात कॉलरच्या आतली खूण दिसली. धोब्याची बिब्ब्याची खूण, एक उभी रेघ आणि दोन टिंबं. तुमच्या महालातल्या घरच्या प्रत्येक कपड्यावर असायची ती. आणि वरून तिसरं बटण करड्या रंगाचं, हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. काकूंनी हातात जो दोरा आला त्याने शिवलं असणार. पंपाचा गंज फक्त शेवटाला लागलाय, खोचला की दिसत नाही. मी माळ्यावर तसाच बसलो, खालून वैशाली ओरडून राहिली की पंप दे, पंप दे.

तुला वाटेल एका शर्टासाठी एवढं पत्र? थांब, आधी दुसरी भानगड ऐक.

इरा आणि तिच्या तीन मैत्रिणींना मे महिन्यात पचमढीला जायचंय. मी म्हटलं जा. तर म्हणे बाबा तुम्ही चला, तिथला चौरागडचा डोंगर चढायचा आहे, वाट तुम्हाला माहीत आहे. मी पचमढीचीच नागद्वारी यात्रा एकदा केली ती तुझ्यासोबत, चौरागड एकदा केला तो पण तुझ्यासोबत आणि दोन्ही वेळा वाट तुला माहीत होती, पण पोरीसमोर हे कोण सांगेल. नवतपा, ते नऊ भाजणारे दिवस, लागायच्या आत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं ठरलं. मग इराने हुकूम सोडला की ते ऑफिसचे हाफ शर्ट घालून यायचं नाही, हातावर आधीच अर्ध्यातून दोन रंग झालेत, उन्हात चढायचं तर हलका फुल बाह्यांचा शर्ट घ्या. बस, तिथून महिनाभर मी शर्ट घेऊन राहिलोय.

पहिला ऑनलाइन मागवला, तेराशेचा, पॉलिएस्टर, काखेत जाळी, गळ्याला चेन. तूच सांगितला होतास ना असला, की सह्याद्रीत आम्ही हेच घालतो, झटक्यात वाळतो. वाळतो, खरं आहे. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर तीन दिवस घातला, तिसऱ्या दिवशी वैशालीने तो धुण्याच्या बादलीत न टाकता बाल्कनीच्या बाहेर टांगला. कितीही धू, घातला की दहा मिनिटांत वास परत हजर. आणि फिटिंग असं की पोटाची माहिती सगळ्या टेकडीला झाली.

दुसरा धरमपेठेतून लिननचा. कापड फार सुंदर, वारा आरपार जातो. पण पाठीवर बॅग चढवली की पाचच मिनिटांत अंगावर रद्दी घातल्यासारखं दिसतं, वर इरा म्हणाली बाबा हा हळदीला घाला. दुकानातल्या पोराने मेरिनो लोकरीचा पण दाखवला, म्हणे याला वास येत नाही, परदेशात उन्हाळ्यातही हाच घालतात. येत नसेलही. पण नागपूरच्या मे महिन्यात लोकर घालून मी बर्डीवरून गेलो तर लोक मला पकडून भरती करतील.

तिसऱ्यासाठी एम्प्रेस सिटी मॉलमध्ये गेलो. ऐक, हे फक्त तुलाच कळेल. इरा विचारते, बाबा, एम्प्रेस कोण? मी सांगितलं, अगं इथे कापडाची मिल होती, जमशेदजी टाटांची, 1877 साली ज्या दिवशी ती सुरू झाली त्याच दिवशी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची एम्प्रेस झाली म्हणून ते नाव, आणि गुड्डूकाकाचे बाबा इथेच लूमवर होते. ती म्हणाली अच्छा, आणि सरकत्या जिन्यावर चढली. आणि मी पोटात कसंनुसं होऊन उभा. कारण तुझा तो शर्ट काकांनी मिलच्याच कापडाचा शिवून घेतला होता ना? ज्या जागी काका उभे राहून कापड काढायचे, त्याच जागी मी चार मजले हिंडून कापड शोधून राहिलो होतो.

मग मी काकांचीच परीक्षा लावली. आठवते? दुकानात गेलं की काका कापड आधी उजेडाकडे धरायचे, मग तोंडाला लावून फुंकर मारायचे, पलीकडे हाताला हवा लागली तर पास. आपण लाजून दुकानाबाहेर जाऊन उभे राहायचो. मी त्या चकाचक दुकानात, ट्यूबलाइटखाली, अठराशेच्या शर्टात फुंकर मारली. सेल्समन म्हणाला, सर, ट्रायल रूम तिकडे आहे. पॉलिएस्टरचे दोन नापास, नायलॉनचा एक पास. तोच घेतला, करड्या रंगाचा, कॉलर उभी राहते, बाही दुमडून अडकवायला पट्टी आहे, पाठीवर झडप आहे जी बॅग घेतली की तशीही बंद होणार. लेबलवर यूपीएफ 50, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग आत येतो. पातळ पांढऱ्या टी-शर्टचा हाच आकडा जेमतेम पाच-सातचा असतो आणि ओला झाला की आणखी उतरतो. आपण जन्मभर पांढरं घातलं की सुटलो असं समजत होतो.

तर नायलॉनचा आणला, विषय संपायला पाहिजे होता. आणि तेवढ्यात हा माळ्यावरून खाली आला.

धुतला, वाळवला, आणि वैशाली झोपलेली बघून बुधवारी सकाळी घालून टेकडीवर गेलो. गुड्ड्या, मला तो बसतो. तेव्हा आपल्या दोघांवरही तो खांबावर टांगल्यासारखा लोंबायचा, आता काकांचं पोट मला आलंय. तरी काखेत, पाठीत सगळीकडे ऐसपैस. बाह्या चांगल्या सैल, आत वारा खेळतो. परत येताना साडेनऊला ऊन चटकायला लागलं तेव्हा नळाखाली दोन्ही बाह्या आणि कॉलर भिजवली, आणि पुढची पंधरा मिनिटं असलं गार वाटलं की काय सांगू.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. अबे हा कूलर आहे! सुती शर्ट म्हणजे अंगावरचा डेझर्ट कूलर. खस पाणी धरते, कोरडा वारा लागतो, पाणी उडतं, गारवा येतो. सुती कापड पाणी धरून बसतं म्हणून तुम्ही ट्रेकवाले त्याला शिव्या देता, पण आपल्याकडे मेच्या दुपारी हवेत ओलावा असतो कुठे? पंधरा-वीस टक्के. घाम आला कधी आणि उडाला कधी कळत नाही, संध्याकाळी पाठीवर मिठाची पांढरी नक्षी दिसते तेवढीच. तुझ्या झटपट वाळणाऱ्या शर्टाला इथे करायला कामच नाही. आणि तुझ्या ठाण्यात? ठाण्यात कूलर लावून बघ, पापड मऊ होतील फक्त. इथेही जुलैत एक पाऊस पडला की तोच कूलर नुसती दमट हवा फेकतो, सुती शर्टाचंही तसंच. म्हणजे तुझा सल्ला चुकीचा नव्हता, तो ठाण्याचा होता. एवढं कबूल करतो, यापेक्षा जास्त नाही.

आणि फुल बाह्यांचं पण. 44 मध्ये वारा लागला तर बरं वाटत नाही, भाजतो, कारण तो आपल्या कातडीपेक्षा गरम असतो. म्हणून तर इथल्या पोरी स्कूटीवर दुपट्टा, हातमोजे, सगळं बांधून निघतात. आपण चौकात उभे राहून त्यांना डाकू म्हणायचो, आणि मी 1997 च्या मेमध्ये सायकलवर रामटेकला निघालो ते बंडी घालून! तुला काकूंनी टी-शर्टवरून काकांचा हा शर्ट चढवायला लावला होता आणि मी कामठीपर्यंत तुला चिडवत गेलो. गडावर पोचेपर्यंत माझे खांदे लाल, उतरताना पायऱ्यांवरचं माकड सुद्धा माझ्याकडे बघून राहिलं होतं, आणि मनसरला पाणी प्यायला थांबलो तेव्हा तू काही न बोलता शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला. पुढचं सगळं अंतर हाफ टी-शर्टात तू आलास. तुझे हात पुढे आठ दिवस सोलत होते, ते मी कधी विचारलं नाही. त्यावर शर्ट हरवला म्हणून काकांनी तुला फटकावलं ते वेगळंच.

(कन्हानच्या पुलावर आधी तूच थांबला होतास. त्यावर मी अजूनही ठाम आहे.)

आता खरी अडचण. चौरागडाला कोणता घालू? माझं मन तुझ्या शर्टावर. पचमढी हजार मीटरवर, इथल्यापेक्षा आठ-दहा डिग्री कमी, सालाच्या झाडीत सावली, पण पायऱ्यांवर मध्येमध्ये रखरखीत ऊन, वाटेत कुठे खाजकुइली लागली तर फुल बाही हवीच. पण शर्ट उजेडाकडे धरला तर खांद्यावर कापड एवढं विरलंय की पलीकडचा बल्ब दिसतो. काकांच्या परीक्षेत फुंकरीला पहिला नंबर आणि उजेडाला नापास. खांदे बॅगच्या पट्ट्याखाली अर्धे झाकतील, वरून गमछा टाकीन, ठीक. दुसरं म्हणजे संध्याकाळी अवकाळी आला तर? नागद्वारीला आठवतं ना, सुती शर्ट ओला होऊन अंगाला असा चिकटला की काखा सोलून निघाल्या आणि तुझे दात वाजत होते? तेव्हा कूलर पावसात चालू राहिला होता, दुसरं काय. म्हणून नायलॉनचा बॅगेत ठेवतो, ढग दिसले की बदलायचा. इरा म्हणते दोन शर्ट कोण नेतं. तिला मी हे सगळं सांगितलेलं नाही.

पण मुळात तो घालायचा हक्क मला आहे का, हे तू सांग. तू म्हणशील पाठव तर कुरिअर करतो, धुऊन, इस्त्री करून, बटण त्याच हिरव्या दोऱ्याने पक्कं करून. तू म्हणशील घाल तर घालतो. फक्त पायऱ्यांवर फाटला तर मग मला बोलायचं नाही, कारण विरलेलं कापड बॅगच्या घर्षणाने जातं आणि ते मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच हात चालत नाही. आठवडाभर खुर्चीच्या पाठीवर पडलाय. वैशाली दोनदा विचारून गेली, हा कोणाचा, मी म्हटलं माझाच.

तुझं काय? चिन्मयच्या बारावीचं काय ठरलं, इंजिनिअरिंगच ना? सोसायटी पाडायची म्हणत होते ते झालं का, भाड्याच्या घरात काकूंना लिफ्ट आहे ना? वहिनीची बदली टळली असेल तर पार्टी माझ्याकडून. सविस्तर फोनवर.

सोबत काही पाठवत नाही, संत्र्याचा सीझन गेला.

तुझाच,
मन्या

ता. क. एक काम कर. शर्टाला खळ घालू का, हे काकूंना विचार. कडक राहिला तर अंगापासून सुटा राहील, पण घामाने चिकट होईल की काय अशी भीती वाटते, आणि भाताची पेज किती पातळ घ्यायची हे त्यांनाच माहीत. पण असंच, सहज विचार. कोणाच्या शर्टाला म्हणाल्या तर माझं नाव घेऊ नको, बंटीचं घे.